टीचर अत्तेंच्या दारावरचा कडुनिंब

आमच्या गल्लीतलं कुणी माझ्या दवाखान्याच्या दारानं आत येत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत जी थोडी मराठी घरं उरली आहेत, त्यांतलं प्रत्येक माणूस माझं काहीतरी लागतं आणि जे लागत नाही तेही लागत असल्यासारखं वागतं. दातांचा हा दवाखाना आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे, पण ही मंडळी मागच्या अंगणातून येतात, स्वयंपाकघरात आईशी गप्पा मारतात आणि मग “जरा बघ गे” म्हणून माझ्यापुढे तोंड उघडतात. नात्यातल्या माणसाला आजारपणाचे फार प्रश्न विचारू नयेत असा आमच्याकडे शिरस्ता आहे. मी विचारते. मी उद्धट आहे असं गल्लीचं मत आहे आणि त्यात काही खोटं नाही.

म्हणूनच पोंगल होऊन गेल्यावर एका दुपारी टीचर अत्ते पुढच्या दारानं आल्या तेव्हा मला जरा धस्स झालं. अत्ते म्हणजे वडिलांची लांबची बहीण, आणि टीचर अशासाठी की चौथीत त्यांनी मला गणित शिकवलं. घर आमच्या बरोबर समोर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, लिव्हरनं गेले असं आम्ही ऐकलं होतं. एकुलती एक मुलगी पापनाशमला दिलेली आणि तिला सातवा महिना लागलेला. अत्ते रुग्णांच्या खुर्चीत बसल्या त्याही ताठ, जणू मीच परीक्षेला बसले होते.

“तोंड आलंय,” त्या म्हणाल्या. “मणत्तक्काळी खाल्ली, ताक प्यालं, काही गुण नाही.”

तोंड आलं की आमच्याकडे निदान एकच, अंगातली उष्णता. त्यावरचे उपायही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. मणत्तक्काळीच्या, म्हणजे कामोणीच्या पाल्याची पातळ भाजी खायची, वाटीवाटीनं ताक प्यायचं, शुक्रवारी डोक्याला तेल थापून न्हायचं. माझ्या दवाखान्यात पोचेपर्यंत माणसानं हे सगळं करून झालेलं असतं. त्यांना त्याबद्दल बोलून उपयोग नसतो, तरी मी बोलते.

मी दिवा वळवला. जिभेच्या उजव्या कडेला, मागे, एक जखम होती. कडा वेड्यावाकड्या, आतून पोखरल्यासारख्या, आणि तळ पिवळट, खरबरीत. तिला लागूनच एक मोडकी दाढ, तिचं टोक सुईसारखं वर आलेलं. असलं काही दिसलं की आधी ते टोक घासून गुळगुळीत करायचं आणि दोन आठवडे थांबायचं. दाढ बोचत असेल तर जखम तेवढ्यात भरून येते. नाही आली, तर कारण दुसरं. मी दाढ घासली आणि दोन आठवड्यांनी नक्की यायला सांगितलं.

“अजून हात थरथरतो गे तुझा,” जाताना त्या म्हणाल्या. थरथरत वगैरे काही नव्हता. चौथीतही नव्हता.

दोन आठवड्यांनी जखम होती तशीच होती, उलट थोडी पसरलेलीच. आणि आता टाळूवर पांढरा थर आला होता, दह्याच्या कवडीसारखा. कापसानं पुसला तर निघाला आणि खाली लालबुंद, हुळहुळी त्वचा दिसली. मी त्यांच्या मानेवरून बोटं फिरवली. जबड्याखालून मानेच्या बाजूनं गाठी लागत होत्या, एकीला एक चिकटलेल्या. मी त्या चाचपत असतानाच अत्तेंनी मान वळवली, पदर तोंडाशी धरला आणि खोकल्या. खोकला खोल होता, आणि तो संपेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

“हा कधीपासून आहे?”

“ताकाचा आहे तो.”

मला इतका राग आला की मी हातमोजे काढून फेकले. तोंडाची उष्णता म्हणून ताक, आणि खोकला त्या ताकाचा. म्हणजे जिभेवरची जखम खोकल्याला पाठीशी घालत होती आणि खोकला जखमेला. दोघांचं असं चोख संगनमत असताना विचारणार कोण? पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कोडं सुचलंही नसतं, ते फक्त आम्हालाच जमतं.

पण तो पांढरा थर उष्णतेतही बसत नव्हता आणि ताकातही. मधुमेह नाही, कवळी नाही, अशा बाईच्या टाळूवर तो येतो तेव्हा शरीराचा पहारा कुठेतरी ढिला पडलेला असतो. मी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

“अत्ते, तुम्ही आणखी कसली औषधं घेता?”

त्या उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी स्वयंपाकघराकडचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि परत येऊन बसल्या. पलीकडे आईचं मिक्सर चालू होतं, ते बंद झालं.

अत्ते दर महिन्याला श्रीरंगमला जातात हे गल्लीला ठाऊक होतं. एवढ्या वयात, एवढ्या उन्हात, बसनं, असं त्यांच्या भक्तीचं कौतुक व्हायचं आणि माझी आई त्यावरून मला टोमणे मारायची. त्या श्रीरंगमच्या वाटेवर तिरुचीला उतरत होत्या. तिथल्या सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायच्या आणि मग देवळात जाऊन प्रसाद आणायचा, म्हणजे हातात दाखवायला काहीतरी राहतं. यजमानांकडून आलेलं. यजमान गेले ते लिव्हरनं नव्हे. गेल्या काही महिन्यांत मुलीच्या लग्नानंतरचे वर्षाचे सण, मग तिचं गर्भारपण, यात त्यांच्या खेपा चुकल्या होत्या आणि गोळ्या संपून गेल्या होत्या.

“मुलीला?” मी विचारलं.

“तिला नाही.” एवढं एकच वाक्य त्या मोठ्यानं बोलल्या. “अत्ता पोटुशी झाल्यावर अस्के, सगळं सगळं, तपासतात ना, तिचंही तपासलं. चोखोट आलं. ते ऐकून मी दोन रात्री झोपले नाही, बरं वाटलं मणून.”

मग मी त्यांना सांगितलं. जिभेवरची जखम क्षयाची असू शकते. तसं असेल तर ती बहुतेक वेळा जिभेवर सुरू होत नाही, छातीतला आजार खोकल्याबरोबर वर येतो आणि आधीच सोलवटलेल्या जागी ठाण मांडतो. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षय फार लवकर गाठतो. जखमेचा तुकडा काढून तपासायला हवा, आणि त्याच्याही आधी थुंकी.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “कॅन्सर आहे मणून सांग.”

“काय?”

“कॅन्सर सांगता येतो गे. लोक फळं घेऊन येतात. टीबी म्हटलं की पुढचं विचारतात. गल्ली विचारेल, तिच्या सासरचे विचारतील, हे कसं आलं, कोठून आलं.”

मी या धंद्यात आल्यापासून कॅन्सरच्या नावानं माणसं माझ्या खुर्चीत रडलेली पाहिली आहेत. तो मागून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी आणखीच कठोर बोलले.

“महिन्याभरात वळैकाप्पु आहे ना? बांगड्या भरून झाल्या की मुलीला माहेरी आणणार ना तुम्ही? पहिलं बाळंतपण. बाळ याच घरात, तुमच्याच मांडीवर. आणि तुम्ही त्याच्या तोंडावर खोकणार. तान्ह्या बाळात हा आजार मेंदूपर्यंत जातो, अत्ते. ताकानं नाही व्हायचा तो बरा.”

त्या उठून गेल्या. या खेपेला खरोखरच गेल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. समोरच्या घरातला खोकला आमच्या पडवीत ऐकू यायचा. मी रुग्ण तपासत असले तरी कान तिकडेच. आई म्हणायची, “तुझ्या टीचरला काय झालंय? कडी लावून काय बोलत होता?” मी म्हणायचे दाढ. आईचा विश्वास बसत नसे, आणि विश्वास बसत नाही हे ती भांडी आपटून सांगत असे. मला कुणालाही काही सांगण्याचा हक्क नव्हता. मुलीचा फोन नंबर माझ्याजवळ होता, आणि तो लावावा असं मला दिवसातून दहा वेळा वाटायचं. पापनाशमला त्या घरी बांगड्यांची तयारी चालली असेल, सातव्या महिन्याचा आठवा होईल, आणि मी दार बंद करून गप्प बसले आहे. मी दोनदा समोर गेले. दोन्ही वेळा त्यांनी खिडकीतून “डोकं दुखतंय” म्हणून परत पाठवलं.

मग एका सकाळी, मी शटर वर करत होते, तर त्या पायरीवर उभ्या. इस्त्रीचं सुती लुगडं, हातात पिशवी, शाळेत निघाल्यासारख्या.

“कोठे थुंकायचं, सांग,” त्या म्हणाल्या.

थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. जिभेच्या तुकड्यातही तेच आलं. आता तिरुचीच्या डॉक्टरांना कळवणं भागच होतं, कारण क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या जपून जुळवाव्या लागतात, एरवी एक दुसरीचा जोर मोडते. मी सोबत गेले. डॉक्टर तरुण होता, रागावला नाही, फक्त म्हणाला की दर खेपेला आम्ही खोकला आहे का विचारतो, अम्मा. अत्ते म्हणाल्या, “ताकाचा होता.” मी खिडकीबाहेर पाहिलं.

औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ओसरतो. पण थुंकी पुन्हा तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत गर्भार मुलीनं त्या घरात राहायचं नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. आणि बांगड्यांचा दिवस आठवड्यावर आलेला. आईनं लेकीच्या वळैकाप्पुला जायचं नाही, तिला बाळंतपणाला आणायचंही नाही, आणि कारण सांगायचं नाही. हे कसं जमणार? सासरच्यांना अपमान वाटेल, गल्लीला वास लागेल. परतीच्या बसमध्ये मी एकेक सबब सुचवत होते आणि अत्ते प्रत्येकीवर लाल शाई मारत होत्या. पाय मुरगळला तर लोक बघायला येतील. ताप म्हटला तर मुलगीच धावत येईल. तंजावूर आलं तसं माझं डोकं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला हाक मारली. तिचा आवाज एकदम मऊ झालेला. “बाहेर ये. टीचरच्या घरी अम्मा आल्या.”

समोरच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले होते, ताजे, चौकटीच्या दोन्ही बाजूंना. इथे कांजिण्यांना कुणी आजार म्हणत नाही, अम्मै म्हणतात. मारियम्मन त्या घरी उतरली असं म्हणतात आणि दारावर वेप्पिलै बांधतात. ती दिसली की कुणी आत जात नाही, काय झालं म्हणून विचारत नाही, चौकशीला फळं आणत नाही. देवी घरात असताना प्रश्न कसले विचारायचे? आणि गर्भार बाई तर त्या गल्लीतूनही जात नाही. आजारी माणसाला इतकं मानानं एकटं सोडणारी दुसरी सोय मला माहीत नाही.

खोटं बोललं म्हणून चौथीत मला बाकावर उभं करणाऱ्या या बाई. मी त्यांच्या खिडकीशी गेले. त्या आत लांब बसल्या होत्या, तोंडावर मास्क.

“देवीच्या नावानं खोटं, अत्ते?”

“ती बाईच आहे ना. समजेल तिला.” आणि मग जरा थांबून, “नाही समजलं तर मला शिक्षा करू दे. पोरीला नक्को.”

आई रोज पायरीवर आंबील आणि कोवळं शहाळं ठेवून यायची आणि लांबूनच हात जोडायची. ती त्या दाराला नमस्कार करत असताना मला तिच्याकडे बघवत नसे. पापनाशमला निरोप गेला. सासरच्यांनी उलट फोन करून सांगितलं की काळजी करू नका, सून इथेच राहील, देवीला वाटेल तितके दिवस. बांगड्या भरायला आईच्या जागी माझी आई गेली. परत आली ती खुशीत, पण म्हणाली, “पोर हसली नाही ग एकदाही.”

चार दिवसांनी ती पोर माझ्या दवाखान्यात उभी होती. पुढच्या दारानं आलेली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, पोट पुढे आलेलं, चेहरा घामानं भिजलेला. दाढ दुखते असं सासरी सांगून आली होती. नवऱ्यानं ऑफिसला जाता जाता स्टेशनपाशी सोडलं होतं, या गल्लीत येणार हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं.

“बस,” मी म्हणाले. “कुठली दाढ?”

“दाढ नाही, अक्का.” ती बसली नाही. “अम्माला अम्मै येऊन गेलेली आहे. मी दुसरीत होते. दोघींना एकदमच आली. एकाच चटईवर निजत होतो, वेप्पिलै अंगाखाली घालून. मला अस्के आठवतंय. ती परत येत नाही ना? अम्मानंच सांगितलेलं.”

मी हात धुवायला वळले. धुतलेलेच होते. अत्तेंनी सगळ्या जगाला पुरेल अशी सबब शोधली होती आणि जिच्यासाठी शोधली तीच ती चटई विसरली नव्हती.

“कधी कधी येते परत,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण मला ते तोंडात कडू लागलं.

“तिला काय झालंय? ती मरणार आहे का?”

“नाही.” हे मी लगेच सांगितलं. “पण बाकीचं तू तिला विचार.”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत असलं तरी ते माझं नाही.”

ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रडताना बांगड्या किणकिणत होत्या. मी तिथेच उभी राहून अत्तेंना फोन लावला. “ती आलीय. माझ्यासमोर आहे.” पलीकडून आधी खोकला ऐकू आला. मग, “तू काय सांगितलंस?” “काही नाही.” मला वाटलं फोन ठेवला. तेवढ्यात त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “पाठव. पण आत नाही यायचं. खुर्ची लांब ठेव तिची. वारा त्या बाजूनं येतोय बघ, त्या अंगाला ठेव.”

मी आमची खुर्ची उचलून गल्लीत नेली, मुलीला मास्क दिला आणि खिडकीपासून दूर बसवलं. आतून खिडकी उघडली. अत्ते गजांशी आल्या नाहीत, मागेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी परत आले. आई पडवीत येऊन बसली होती. समोर गर्भार बाई पाहून ती उठायला लागली, “अगं, तिला तिथे कशाला…” मी तिचा हात धरून खाली बसवलं. इतक्या जोरात धरला की ती गप्पच झाली.

आम्हाला ऐकू काही येत नव्हतं. फक्त मुलीची पाठ दिसत होती. बराच वेळ ती पाठ हललीच नाही. एकदा ती उठली, खिडकीकडे निघाली, आणि आतून अत्तेंचा हात वर झाला, पोरं रांग सोडून पुढे आली की व्हायचा तसा. ती थांबली आणि परत बसली. माझी नजर रस्त्याच्या दोन्ही टोकांना होती, कुणी येतंय का म्हणून. या एका गोष्टीवर पुढचं सगळं होतं, की ती पोर उठून कुठल्या दिशेला जाईल. स्टेशनकडे गेली तर अत्ते गोळ्या गिळतील की नाही, मला खात्री नव्हती.

ती उठली. आमच्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज मात्र आईचाच. “अस्के सांगितलं,” ती मला म्हणाली. “अप्पांचं पण.”

मग तिनं माझ्या आईकडे वळून विचारलं, “मामी, तुमच्या मागच्या अंगणात वेप्पिलै आहे ना? मला थोडी तोडून द्या. अम्माच्या दारावरची वाळायला लागलीय, कुणी पाहिलं तर म्हणेल देवी गेली.”

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या खिडकीकडे. आई काही खुळी नाही. ती काही न विचारता मागे गेली आणि हातभर डहाळे घेऊन आली. उंबऱ्यापर्यंत तीच गेली, कारण मुलीला तिथे जायची परवानगी नव्हती. मुलगी गल्लीच्या मध्यावर उभी राहून सांगत होती, मामी, डावीकडे जरा वर, अजून घट्ट, आणि माझी आई सांगेल तशी बांधत होती.